मंगळवारचं घर

सोहारच्या औद्योगिक वसाहतीमागे,
जिथे वाळू संपत नाही पण रस्ता संपतो,
मी एक घर बांधलं. दोन मजले, एक जिना, पाच खोल्या.
कुणीच राहणार नाही असं घर.
दर मंगळवारी पेटणारं.

आई फोनवर म्हणाली, घर जाळून कोळशाचा व्यापार
असं आपल्याकडे मूर्खाला म्हणतात.
म्हटलं, इथे त्याचं टेंडर निघतं.

भिंतींना आतून भट्टीच्या फरशा,
फरशीमागे बोटभर हवेची फट,
कारण काँक्रीट तापलं की आतलं पाणी वाट शोधतं
आणि नाही सापडली तर भिंत लाहीसारखी फुटते.
खोली कुठलीही असो, तिला दोन दारं, दोन्ही बाहेर उघडणारी.
छताला झडप; साखळी बाहेरच्या माणसाच्या हातात,
आतल्याच्या कधीच नाही.
उष्णता मोजणाऱ्या तारा छतालगत, आणि एक गुडघ्याच्या उंचीवर,
कारण आगीत माणूस रांगतो.
जाळायचं फक्त कोरडं गवत आणि लाकडी पॅलेट.
डिझेल नाही, गादी नाही, रंगवलेली फळी नाही:
हे लाल अक्षरांत अरबीत लिहिलं, इंग्रजीत लिहिलं,
खाली मराठीतही लिहिलं,
वाचणारा मी एकटाच असलो तरी.

कॅप्टन खमीस अल-शिझावी दोनदा सगळं फिरले.
भिंतीवरून हात फिरवला, पायऱ्या मोजल्या.
मजबूत आहे, म्हणाले. पण खोटं आहे.
इथे कुणी राहतं असं वाटत नाही.

त्या रात्री मी चौथी खोली पुन्हा काढली.
लोखंडी खाटा, एकावर एक तीन,
मधे माणूस तिरका होऊन जाईल एवढीच जागा.
खाली पत्र्याच्या पेट्या. दोरी, दोरीवर बनियनं.
दाराशी चपलांचा ढीग. कोपऱ्यात शेगडी,
जिला बंदी होती
आणि जी सगळ्यांकडे होती.
मापं कुठल्या पुस्तकात बघावी लागली नाहीत.
दिलावर परकार, गाव दाभोळ, सगळ्यात वरची खाट.
दुसरं शहर, दुसरी कंपनी, अकरा वर्षं झाली.
दार आत उघडायचं.
आणि दाराला टेकून सगळे.

कॅप्टननी नकाशा बराच वेळ पाहिला.
मग दारावर बोट ठेवलं: हे आत उघडायला हवं.
मी म्हटलं, नाही.
ते म्हणाले, मग माझी मुलं शिकणार काय?
चहा दोनदा थंड झाला.

वाट काढली इलियासने, धनबादच्या वेल्डरने.
दार आतच उघडू दे, म्हणाला, अडू पण दे.
चौकटच बिजागरीवर बसवू.
बाहेरून एक खीळ ओढली
की दार, चौकट, अडलेलं सगळं
एकदम बाहेर.

पहिली आग पहाटे साडेचारला, उन्हाच्या आधी.
खीळ माझ्या मुठीत. कुणी सांगितलं नव्हतं धरायला.
सहा मिनिटं.
मग सैफ बाहेर आला, एकोणीस वर्षांचा,
सत्तर किलोचा बाहुला ओढत, वरच्या खाटेवरचा.
मुखवटा काढला, खोकला, आणि मलाच विचारलं,
धग सगळी वर जाते, मग वर झोपतं कोण?
मी म्हटलं, जो शेवटी आलेला असतो तो.

दुपारी भिंती हात लावण्याजोग्या झाल्या.
वास्तू तथास्तु म्हणते, म्हणून आपल्याकडे
घरात अभद्र बोलत नाहीत.
या घरात तर दर मंगळवारी आग आग ओरडणार.
चौथ्या खोलीत काळ्या दारासमोर उभा राहून
मी एकच शब्द बोललो: उघड.

मग हातोडीने फरशा वाजवत गेलो.
तिसऱ्या रांगेतली सातवी पोकळ वाजली.
खडूने फुली मारली.
सोमवारच्या आत बदलायची.